आडवं बोट

मा सांग-छिल म्हणजे पक्का आरंभशूर, हे कोरियातल्या गुन्सान शहरात त्याला ओळखणारं कुणीही सांगेल. बस चालवायची नोकरी संपल्यावर त्याने गळ घेतला, तीन रविवार मासे धरले आणि गळ गेला माळ्यावर. मग ब्रश आणि शाई आणून अक्षरं घोटली, महिन्याभरात चांगली जमली, झालं, तीही माळ्यावर. डोंगर चढायचे बूट तर एकाच शिखरावर जाऊन आले. बायको इम-सुन म्हणायची, "अहो, काहीही शिका, पण माळ्यावर आता तसूभर जागा नाही!"

म्हणून त्याने गिटार आणली तेव्हा ती आजारपणातही पोट धरून हसली. पण या वेळची गोष्ट निराळी होती. इम-सुनच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती आणि डॉक्टर थंडीच्या पुढचं काही बोलायला तयार नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी ती त्याच्याच बसवर कंडक्टर होती, दाराशी उभी राहून एक गाणं गुणगुणायची. ते एकच गाणं, ती आहे तोवर, तिच्यासमोर बसून वाजवायचं, एवढंच त्याला हवं होतं. मूलबाळ नाही, औषध लागू पडत नाही, मग माणसाने करावं तरी काय?

दर मंगळवारी तो सांस्कृतिक केंद्रात जायचा. शिकवणारे बांग सर पस्तिशीचे, अबोल. गाण्यातलं बाकी सगळं दोन महिन्यांत आलं, पण एफ नावाची एक कॉर्ड काही केल्या येईना. तिच्यासाठी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं आणि उरलेली बोटं पुढे पसरायची. जन्मभर बस चालवलेल्या त्या बोटाखालून नुसतं खट्ट वाजायचं. घरी वाजवलं की खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करायची, म्हणून तो इस्पितळाच्या आवारात गाडी लावायचा, काचा वर करायचा आणि आत बसून तासन्‌तास बोट दाबायचा.

वर तिच्या खोलीत आला की इम-सुन विचारायची, "कुठवर आलं?"

"सगळं येतंय गं, ती एक एफ तेवढी दाद देत नाही. तेवढी गाळून वाजवू का आज?"

"छे! अर्धवट काही ऐकायची नाही मी. होऊ दे सावकाश, घाई काय आहे?"

"घाई काय आहे म्हणे!" तो चिडायचा. "बोटाला बघ कशा भेगा पडल्यात! मरू दे, सोडतो मी हे."

"मग हीसुद्धा माळ्यावर का?"

झालं, गडी पुन्हा खाली गाडीत. तो गेला की ती समाधानाने डोळे मिटायची, असं तिची शुश्रूषा करणारी बाई सांगायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी त्या बाईने त्याला अकरा वेळा फोन केला. फोन मागच्या सीटवर, कोटाच्या खिशात होता. तो वर पोचला तेव्हा इम-सुन गेलेली होती. आमच्याकडे जाणाऱ्याच्या शेवटच्या श्वासाला जवळच्या माणसाने हात धरून बसायचं असतं. तेवढं चुकलं तर पुढे कितीही केलं तरी ते भरून निघत नाही. तीन दिवस लोक येऊन तिच्या फोटोपुढे वाकत होते आणि तो एकेकाला सांगत होता, "मी खाली गाडीत होतो हो. खाली गाडीत होतो." बांग सरही आले. अंत्यविधीला आलेल्यांना वाढतात त्या रश्शाला हातही न लावता, मान खाली घालून निघून गेले.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि पुढच्या मंगळवारी सांग-छिल गिटार देऊन टाकायला केंद्रात गेला. "सर, ठेवा ही, कुणाला तरी द्या. कुणासाठी वाजवू आता?"

बांग सरांनी गिटार घेतली नाही. "काका, एक सांगायचंय. एफ सोपीही असते. तीन बोटांनी चारच तारा दाबायच्या. नवशिक्यांना मी तीच देतो, आठवड्यात येते."

"मग मला का नाही दिली?"

"काकू आल्या होत्या माझ्याकडे, इस्पितळात जायच्या आधी, दोनदा, घरी मुरवलेल्या मुळ्याच्या किमचीचा डबा घेऊन. म्हणाल्या, 'एखादी गोष्ट जमली की हे ती सोडतात. मी गेल्यावर हे घरात बसून मरतील. वर्षभर पुरेल असं अवघड काहीतरी द्या ह्यांना.' मी नाही म्हणायला हवं होतं. पण आईच्या वयाची बाई, दोन्ही हातांनी डबा पुढे करतेय... माझं तोंडच उघडेना."

आजवर अदबीने सर म्हणणारा सांग-छिल एकदम एकेरीवर आला. "लेका, मी तिच्या उशाशी बसलो असतो रे! रोज वाजवलं असतं! आणि ती भवानी! माझ्या उद्याची एवढी काळजी, आणि तेव्हा मला काय हवं होतं ते एकदा तरी विचारलं का तिनं?" तो खुर्चीत बसला आणि गिटार मांडीवर घेतली. म्हणाला, "दाखव ती सोपी."

पाव तासात आली. मग त्याने गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, कुठेही न अडता. बांग सर डोळे पुसत समोर बसले होते. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं लागली.

"एवढंच?" सांग-छिल म्हणाला. "तीनच मिनिटं?"

आणि अख्ख्या अंत्यविधीत न रडलेला तो माणूस गिटारवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. दाराबाहेर पुढच्या वर्गाची माणसं जमली होती, ती निमूटपणे थांबली.

"पुढच्या मंगळवारी याल ना, काका?" बांग सरांनी घाबरत विचारलं.

"येईन." त्याने बाहीने नाक पुसलं. "तिनंच ठरवून ठेवलंय म्हटल्यावर मी कोण न येणारा? पण हे गाणं नको. हे आता मला कधी वाजवायचं नाही."