अस्मिताला विचारलं तेव्हा

अडतिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं वजन साडेचार किलोच्या आसपास दिसलं, आणि अस्मिताच्या अमेरिकेतल्या, रेडमंडमधल्या घरात सगळे एकमेकांशी जपून बोलायला लागले.

डॉक्टर केया इथेच वाढलेली मराठी मुलगी. इंग्रजीत समजावता समजावता मधूनच आजीकडून शिकलेलं मराठी वापरायची. तिने सांगितलं, हा अंदाज आहे, अर्धा किलो इकडेतिकडे होऊ शकतं. पण बाळ खरंच एवढं मोठं असलं, तर डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकायची भीती थोडी जास्त. एकोणचाळीस आठवडे झाले की औषध देऊन कळा सुरू करता येतील, नाहीतर तारीख ठरवून सिझेरियन. अस्मिताला शुगर नव्हती, त्यामुळे दोन्ही रस्ते मोकळे होते. "तुम्ही ठरवा. शुक्रवारपर्यंत कळवा."

खांदा अडकणं म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याला, शार्दूलला समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मताना त्याचाच खांदा अडकला होता आणि ओढाताणीत नस दुखावली होती. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. टी-शर्ट तो आधी डाव्या हातात चढवतो, वरच्या कपाटातलं सगळं उजव्या हाताने काढतो. लग्नाला सहा वर्षं झाली, अस्मिताला ते आता वेगळं वाटतही नव्हतं.

तो म्हणत होता, तू ठरवशील ते. आणि दिवसभर ऑफिसच्या मीटिंगांमधून तिला लेखांच्या लिंका पाठवत होता. सगळ्या सिझेरियनच्या बाजूच्या.

बुधवारी संध्याकाळी जेवताना अस्मिताचा संयम संपला. "तू ठरव म्हणतोस आणि चेहरा पाडून बसतोस. तुला काय हवंय ते एकदा सांग ना."

"मला ऑपरेशन हवंय," शार्दूल म्हणाला. "पण पोट तुझं कापणार. मग मी कुठल्या तोंडाने सांगू?"

समोर शरयूताई बसल्या होत्या, शार्दूलची आई. बाळंतपणासाठी महिन्यापूर्वी सांगलीहून आल्या होत्या. हाताचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. त्यांनी शांतपणे पोळीचा तुकडा खाली ठेवला.

त्या वेळी काय झालं ते त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. दीड दिवस कळा, मग एकदम धावपळ. दारापलीकडे सासरे आणि डॉक्टर काहीतरी बोलत होते, ते त्यांना नीट ऐकूही आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांना वाटत राहिलं, आपणच जोर कमी लावला.

"आई, तुझी चूक कशी असेल?" शार्दूल म्हणाला.

"आता कळतं रे. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं." मग त्या अस्मिताकडे वळल्या. "मला कुणी काही विचारलं नाही गं. तुला विचारतायत. आमच्या दोघांच्या भीतीने नको, तुझ्या मनाने ठरव."

अस्मिताने गुरुवारचा पूर्ण दिवस घेतला. शुक्रवारी तिने केयाला फोन करून सांगितलं की कळा सुरू करून बघू, पण गाडी अडली तर बाळ ओढायला चिमटा नको, व्हॅक्यूम नको, सरळ सिझेरियन. केयाला ते पटलं. तिने तसं फाइलमध्ये लिहून ठेवलं.

मंगळवारी सकाळी अस्मिता हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. औषध सुरू झालं, कळा आल्या, वाढल्या. बुधवारी दुपारपर्यंत मात्र गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडून सगळं थांबलं होतं. केयाने तपासून सांगितलं, बाळाचे ठोके उत्तम आहेत, अजून काही तास वाट बघता येईल.

"नको," अस्मिता म्हणाली. "आता ऑपरेशन करूया."

आठवडाभर ज्याला हेच हवं होतं, त्या शार्दूलचा चेहरा पांढरा पडला. अजून थोडं थांबूया का, असं तो पुटपुटला. अस्मिताने त्याचा हात हातात घेतला. "मी दमलेय, पण घाबरलेली नाही. तू फक्त माझ्या डोक्याशी बसून राहा."

तो बसला. पडद्यापलीकडे काय चाललंय ते बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिला आणि घरी गेल्यावर काय काय खायचं याची यादी सांगत राहिला. यादी थालीपीठापर्यंत पोचली तेव्हा मुलगी रडली.

नर्सने तिला तपासलं. दोन्ही हात सारखे हलत होते, चांगले जोरात. वजन भरलं चार किलोला थोडं कमी.

दुसऱ्या दिवशी शरयूताई डब्यात मऊ भात घेऊन आल्या. नातीला मांडीवर घेऊन त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. "हिला मोठी म्हणत होते होय? शार्दूल सव्वाचार किलोंचा होता. ही तर चिमणीच आहे."

शार्दूल म्हणाला, आई, त्या मशीनपायी आम्ही इतके दिवस झोप घालवली. शरयूताई म्हणाल्या, मशीनला काय जातंय आकडा फेकायला, त्याला कुठे बाळंत व्हायचं होतं. अस्मिताला हसू आवरेना. तिने पोटावर उशी दाबून धरली आणि दोघांना विनवलं, हसवू नका, टाके दुखतात.