फोटोतला चौथा

बाकीच्या सुना रुखवतात समया आणतात, पितळी डबे आणतात. सरोजिनीबाई चिपळूणहून लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत एक धाक घेऊन आल्या. तिघांनी मिळून फोटो काढायचा नाही. काढला तर मधला जातो.

याला पुरावा होता बरं का! त्यांच्या आईच्या तीन भावांनी भाड्याचे कोट घालून स्टुडिओत फोटो काढला आणि सहा महिन्यांत मधला टायफॉईडने गेला. झालं! आईने त्या दिवसापासून तिघांच्या फोटोचं नाव काढू दिलं नाही. उरलेले दोघे मामा चांगले ऐंशी पार करून गेले, पण त्याचं श्रेय त्या फोटोला कुणी दिलं नाही.

आणि नशिबाची गंमत बघा, सरोजिनीबाईंचा संसार नेमका तिघांचाच झाला. त्या, मधुकरराव आणि एकुलता एक निशांत. मग फोटो काढायचा म्हटलं की चौथा माणूस शोधणं आलं. वाशीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये निशांतचा पाचवा वाढदिवस झाला तेव्हा दारावर मासळी घेऊन आलेल्या पुतळाबाईंना त्यांनी हाताला धरून आत आणलं. "अगो बाय, माझे अंगाला म्हावऱ्याचा वास हाय!" असं ती बिचारी म्हणत राहिली, पण सरोजिनीबाईंनी तिला केकच्या मागे उभी केलीच. महाबळेश्वरला घोडेवाला, दहावीच्या निकालाला सोसायटीचा वॉचमन, खाडीकाठच्या सागर विहारला तर एक संपूर्ण अनोळखी गृहस्थ, हातात भेळेचा कागद घेऊन. काय म्हणाले असतील ते घरी जाऊन, देव जाणे.

मधुकररावांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. महाप्याला पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, सगळ्या गोष्टी मोजूनमापून बघायची सवय. "सरू, कॅमेऱ्याला काय माणसं मोजता येतात?" ते हसून म्हणायचे. पण बायकोच्या डोळ्यांतली भीती त्यांना दिसायची, आणि मग ते स्वतःच उठून शेजारचं दार वाजवायचे. असा गोड माणूस. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

आता घरात परत एक तिघांचा संसार झाला होता. निशांत, सून वैदेही आणि त्यांची रेवा. त्यामुळे चौथा शोधायला आता बाहेर जावं लागत नव्हतं. बारशापासून एकूण एक फोटोत सरोजिनीबाई स्वतःच धावत जाऊन उभ्या राहायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं. नवरा गेल्यावर घरात आपली गरज कुणाला, हा प्रश्न बाईला छळतोच. निदान फोटोला तरी आपल्यावाचून अडतं, एवढं त्यांच्यापाशी होतं.

रेवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या दुपारी त्या बाल्कनीत कपडे काढायला निघाल्या, तर आत वैदेही खांदेश्वरला राहणाऱ्या आपल्या आईशी फोनवर बोलत होती.

"नाही गं मम्मी, त्रास काहीच नाही त्यांचा. पण वर्ष झालं, आमचा तिघांचा असा एक फोटो नाही माझ्याकडे. एक पण नाही! निशांतला म्हटलं की तो विषय बदलतो. जाऊ दे, उगाच घरात टेन्शन नको."

सरोजिनीबाई कपडे तसेच दोरीवर सोडून खोलीत आल्या. आधी राग आला. मी नकोय होय यांना? रात्रंदिवस पोर सांभाळते ती चालते, फोटोत उभी राहिलेली खुपते! मग रडू आलं. आणि मग, आपण कसं बरोबर होतो हे स्वतःलाच दाखवायला म्हणून, त्यांनी कपाटातले अल्बम खाली काढले.

पानं उलटत गेल्या तसा त्यांचा हात मंदावला. तीस-बत्तीस वर्षांचा संसार आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी परकं. नवऱ्याच्या खांद्यावर हात कुणाचा, तर घोडेवाल्याचा. लेकाला कडेवर घेतलंय आणि मध्ये कुणाचं तरी कोपर. त्या तीन चेहऱ्यांवरून नजर फिरवायला गेलं की चौथा मध्ये यायचाच. बोटाने झाकून बघितलं, तर मधुकररावांचा अर्धा कान झाकला गेला.

शेवटच्या अल्बममध्ये निशांतच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा फोटो होता. तो त्यांना बघायचा नव्हता, पण पान उलटलं गेलंच.

त्या संध्याकाळी पाहुणे हॉलवर पोचले होते, घरात तिघंच होती. मधुकरराव सोफ्यावर बसून म्हणाले होते, "सरू, उद्यापासून आपण चार. आज तिघांचा शेवटचा दिवस. एक फोटो काढू या गं. माझ्यासाठी." आयुष्यात त्या माणसाने बायकोकडे स्वतःसाठी म्हणून फार काही मागितलं नव्हतं. निशांतने मोबाइल टीव्हीजवळ उभा केला, दहा सेकंदांचा टायमर लावला, आणि तिघं बसली. पाच सेकंद सरोजिनीबाईंनी दम धरला. मग छातीत असं काही धडधडायला लागलं की त्या ओरडल्याच, "अहो भैरू, या इकडे, पटकन!" खिडकीत लग्नाची रोषणाई लावायला आलेला तो भला माणूस वायरचं वेटोळं घेऊन धावत आला आणि सोफ्यामागे उभा राहिला.

फोटोत मधुकरराव हसत होते. नंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आठ महिन्यांनी, जेवून उठले आणि वॉशबेसिनपाशी बसलेच. डॉक्टर येईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

"चार होते की हो," सरोजिनीबाई अल्बमला म्हणाल्या. "चार होते तरी गेलात." दोन वर्षं त्यांनी हे मोजलंच नव्हतं. मोजायची हिंमत नव्हती. कारण ते मोजलं की पुढचं आलंच: मग त्या संध्याकाळी मी काय वाचवलं? काहीच नाही. नवरा गेला तो गेलाच, आणि त्याने मागितलेली एकच गोष्ट तेवढी द्यायची राहून गेली. त्या संध्याकाळचे ते दहा सेकंद कुणी परत दिले असते तर बाईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. सकाळीच औक्षण झालं, पाहुणे संध्याकाळी यायचे होते. रेवा नव्या फ्रॉकची लेस चावत सोफ्यावर बसली होती. वैदेहीने फोन काढला आणि निशांतने सवयीने हाक मारली, "आई, ये ना फोटोला."

"मी नाही येत. तुमचा तिघांचा काढते मी. आण तो फोन इकडे."

वैदेही बघतच राहिली. निशांत हसला, मग हसायचा थांबला. "नको आई. तू ये. कशाला उगाच?"

संगणकावर अमेरिकेतल्या लोकांची कामं करणारा बत्तीस वर्षांचा पोरगा, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सरोजिनीबाईंनी तो चेहरा ओळखला. आरशात पाहिला होता त्यांनी. बाई गं, हे मी दिलं याला! भात भरवताना, अभ्यास घेताना, प्रत्येक वाढदिवसाला थोडं थोडं भरवलं, आणि याने ते निमूट गिळलं.

"निशांत," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा चौघांच्या फोटोनंतर गेले. बस खाली."

तो बसला. बसताना त्याने रेवाला उचलून हळूच कडेला, वैदेहीच्या पलीकडे ठेवायला घेतलं. तशी वैदेही मध्ये यायला लागली, मग तिला सरकवलं आणि स्वतः मध्ये आला. कुणाला कळू नये असं केलं त्याने. आईला कळलं. पोरीच्या जागी हा स्वतः बसतोय.

"तू कडेला हो," त्या म्हणाल्या. "मध्ये रेवाला घे. आईबापाच्या मध्येच असतं पोर. तीच जागा असते त्याची."

भीती गेली होती असं अजिबात नाही. आयुष्यभराची भीती एका दुपारीत जात नसते, ती तिथेच होती. त्या भीतीसकट त्यांनी बटण दाबलं.

पहिला हलला. दुसरा नीट आला. त्यात निशांत, वैदेही आणि रेवा, एवढीच माणसं होती. मध्ये कुणी नाही, मागे कुणी नाही. तीन चेहरे एकमेकांना लागून. सरोजिनीबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. एवढंच तर मागत होते हे. किती सोपं होतं, अहो, किती सोपं होतं ते!

वैदेही उठून आली, सासूचा हात धरला आणि म्हणाली, "आई, आता तुम्ही या ना. मला एक फोटो पाहिजे तुमच्यासोबत."

"येते गं," सरोजिनीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "पण तू आधी जाऊन बस बघू. अजून एक काढू दे मला तिघांचा."