पायावर आपटलेली जुडी

विरोत गुरुजींनी ती गोष्ट चौतीस वर्षं शिकवली, आणि चौतीसही वर्षं ठरलेल्या एका वाक्यापाशी आल्यावर चष्मा काढला.

गोष्ट चार पानांची होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा एकुलता मुलगा बँकॉकच्या कारखान्यात कामाला निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा एकटाच भाताचा तरवा, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, काढायला जातो. आणि मग ते वाक्य : ‘म्हाताऱ्याने तरव्याची जुडी उपटली, पायावर तीनदा आपटली आणि रस्त्याकडे पाहिले.’

इथं चष्मा निघायचा. रुमालानं काचा पुसता पुसता गुरुजी डोळ्यांच्या कडाही टिपत आणि हलक्या आवाजात सांगत, “बाळांनो, हा बाप स्वतःला शिक्षा करतोय. हे पाय जन्मभर रेड्यामागं चालले, पण मुलासोबत चार पावलं मायेनं चालले नाहीत. म्हणून स्वतःच्या हातानं वाढवलेल्या पिकानं तो स्वतःचेच पाय बडवतोय. याला म्हणतात पश्चात्ताप.”

वर्ग अगदी गप्प होई. ती शांतता भारावल्याची आहे, असं गुरुजी धरून चालत. माणूस एकदा धरून चालला की चौतीस वर्षं आरामात चालतो.

पुढं त्यांनी ‘गावाकडच्या गोष्टींचा अभ्यास’ नावाची मार्गदर्शिका लिहिली आणि प्रांतातल्या बऱ्याच शाळांनी ती घेतली. सत्तेचाळिसाव्या पानावर पश्चात्ताप होता. दुसऱ्या आवृत्तीत तर त्यांनी तळटीपही घातली : ‘नोंगकोक परिसरात “जुडी घेऊन पाय बडव” अशी एक जुनी म्हण आजही ऐकू येते. उशिरा पस्तावणाऱ्याला उद्देशून ती वापरतात.’ ही म्हण त्यांनी गावच्या चहाच्या टपरीवर स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आपला अर्थ लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे कळल्यावर त्यांना त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नव्हतं.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना आठवीतल्या प्लायफाचा पेपर त्यांच्या हाती आला.

प्रांताच्या कथावाचन स्पर्धेला शाळेतून एकच मूल पाठवायचं होतं आणि निवड या पेपरवर होती. ‘म्हातारा जुडी पायावर का आपटतो?’ या पाच गुणांच्या प्रश्नाला प्लायफानं तीन ओळींत उत्तर दिलं होतं : ‘मुळांचा चिखल झाडायला. चिखल राहिला तर जुडी जड होते आणि लावताना रोपं सुटी होत नाहीत. माझी आजी असंच करते.’

गुरुजींनी लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि समासात लिहिलं, ‘भावार्थ हुकला. गोष्ट पुन्हा वाच.’ नत्तापोनला एक्केचाळीस गुण झाले, प्लायफाला अडतीस. शुक्रवारी नाव कळवायचं होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत प्लायफा टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची आई रायोंगला कारखान्यात होती. ही आजीजवळ राहायची आणि आजीसारखीच थोडकं बोलायची.

“गुरुजी, तुमचं उत्तर मला पाठ आहे. आत्ता लिहून दिलं तर पाच मिळतील का?”

“पाठ होतं, तर पेपरात का नाही लिहिलंस?”

“प्रश्न होता, म्हातारा असं का करतो. गुरुजी काय सांगतात, असा नव्हता.”

गुरुजींनी चष्मा काढला. या खेपेला डोळे टिपायचं काही कारण नव्हतं, म्हणून तो परत घातला.

“मला स्पर्धेला जायचंय,” ती म्हणाली. “आई त्या दिवशी रजा काढून येणार आहे, मी निवडले गेले तर. मी दोन्ही उत्तरं लिहीन हवं तर. पण तुम्ही एकदा आजीला विचारा ना. उद्या आमच्याकडे तरवा काढायचाय.”

आता गावात चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं तरवा काढताना पाहिला कसा नाही, असं कुणी विचारील. गुरुजी शहरातल्या कापडदुकानदाराचे चिरंजीव. गावात नोकरीला आले तेव्हा लावणीच्या दिवसांत घरोघरी इर्जिक असे. आज याच्या खाचरात सगळं गाव, उद्या त्याच्या. गुरुजींनाही आदरानं बोलावणं येई. पण शिकवणाऱ्याच्या पायाला चिखल लागणं बरं दिसत नाही, म्हणून बांधावरच्या खोपीत चटई टाकून त्यांना बसवत, भाजलेला मासा आणि चिकट भात पुढं ठेवत आणि ‘पाण्याच्या मडक्याकडं लक्ष ठेवा’ एवढं काम देत. खोपीतून शंभर पावलांवर वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसत. त्या पाठींवर गुरुजींनी पुढं एक प्रकरण लिहिलं. मडक्याला मात्र कधी काही झालं नाही.

पुढं इर्जिक बंद झाली. पोरं कारखान्यांत गेली, मागं राहिलेले लोक बी फेकून पेरू लागले, कापणीला यंत्र येऊ लागलं. तरवा लावणारी एकटी प्लायफाची खाम्फाय आजी उरली, तीही एका खाचरापुरती. लेक फोनवर रोज सांगे, “आई, फेकून पेर नि मोकळी हो.” आजी म्हणे, “मला वाकायची सवय झालीय. सरळ उभं राहिलं की चक्कर येते.”

गुरुवारी सकाळी गुरुजी काखेत मार्गदर्शिका घेऊन निघाले. अडाणी म्हातारीची समजूत घालायला पुराव्याचं पुस्तक सोबत असलेलं बरं.

आजी घोटाभर पाण्यात बुटक्या स्टुलावर बसली होती. मूठभर रोपं उपटायची, पाऊल जरा वर करायची आणि मुळं त्यावर आपटायची. फटाक, फटाक. पाण्यात काळा चिखल सांडे. मुळं पांढरी झाली की बांबूच्या पातीनं जुडी बांधून मागं टाकायची. बांधावर गावचा मुखिया थोंगबाय तिचा बंद पडलेला पंप उघडून बसला होता. तो गुरुजींच्या अगदी पहिल्या वर्गातला विद्यार्थी; आता पन्नाशीला टेकलेला.

“या गुरुजी,” आजी म्हणाली. “प्लायफा, खोपीत चटई टाक.”

“नको, चटई नको. आजी, एक विचारायचं होतं. तुम्ही ती जुडी पायावर आपटता ती का?”

आजीनं आधी गुरुजींकडं पाहिलं, मग नातीकडं, मग जुडीकडं. “मग कुठं आपटू? डोक्यावर?”

“तसं नव्हे. तीनदाच का आपटतात?”

“चिखल जाईस्तोवर आपटतात. तीनदा म्हणजे त्या माणसाचा वाफा चांगला असेल. मला तर सात सात वेळा आपटावी लागते.”

“आणि आपटताना मनात काय येतं? म्हणजे, लेक दूर गेली, आपलं काही चुकलं, असं काही?”

“कंबर दुखतेय असं येतं,” आजी म्हणाली आणि फटाक केलं. चिखलाचा शिंतोडा उडून नेमका मार्गदर्शिकेवर बसला.

गुरुजी बांधावर वळले. “थोंगबाय, तुला हे ठाऊक होतं?”

थोंगबायनं पंपात डोकं घातलं. “हो, गुरुजी.”

“केव्हापासून?”

“सात वर्षांचा असल्यापासून. शाळेत यायच्या आधी मी रोज पन्नास जुड्या काढून यायचो.”

“अरे, मग परीक्षेत तू पश्चात्तापावर दोन पानं लिहिली होतीस, ती?”

“पैकीच्या पैकी दिले होतेत तुम्ही.”

“पण बोलला का नाहीस कधी?”

थोंगबायनं डोकं बाहेर काढलं. कपाळाला वंगण लागलं होतं. “तुम्ही चष्मा काढायचात, गुरुजी. डोळे पुसायचात. त्या माणसाला मध्येच चिखल कसा सांगायचा? सगळा वर्ग मान खाली घालून बसायचा. आम्हालाच कसंतरी व्हायचं.”

गुरुजी बुडत्यानं काडी धरावी तसं म्हणाले, “आणि ती म्हण? जुडी घेऊन पाय बडव? ती तर जुनीच आहे ना?”

आता आजीच हसायला लागली. स्टूल डगमगलं, तसा तिनं नातीचा हात धरला. “सांगून टाक रे थोंगबाय. एवढा चिखल झालाय, अजून थोडा.”

“ती आमच्या वर्गानं काढली, गुरुजी. कुणाची लॉटरी हुकली, कुणाची बस चुकली, की आम्ही म्हणायचो, जा, जुडी घेऊन पाय बडव. मग आमच्या पोरांनी उचलली. तुम्ही पुस्तकात घातलीत तेव्हा दोन दिवस गावात कुणी तुमच्या समोर यायला धजलं नाही. हसू आवरणार नाही म्हणून.”

ते दोन दिवस गुरुजींना चांगले आठवत होते. आपल्या विद्वत्तेनं गाव दबून गेलंय, असं त्यांनी तेव्हा बायकोला सांगितलं होतं. बायको शेजारच्याच गावची. ती मागच्या दारी गेली होती आणि बराच वेळ आत आली नव्हती.

गुरुजींनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट दुमडली आणि खाचरात उतरले. थोंगबाय उठू लागला, पण आजीनं हातानंच त्याला बसवलं. गुरुजींनी मूठभर रोपं धरून ओढली. अर्धी देठातून तुटली. उरलेली त्यांनी पायावर आपटली. चिखल चष्म्यावर आला. पुन्हा आपटली. मग आपटतच राहिले : एक थोंगबायच्या दोन पानांसाठी, एक तळटीपेसाठी, एक समासातल्या लाल अक्षरांसाठी, आणि पुढच्या कितीतरी, कारण चौतीस वर्षांत मुलं पुष्कळ झाली होती.

“हळू, हळू,” आजीनं जुडी काढून घेतली. “पाय तुमचा असला तरी रोप माझं आहे.”

दुपारी शाळेत गुरुजींनी शून्य खोडून पाच लिहिले. प्लायफाचे त्रेचाळीस झाले. नत्तापोनला त्यांनी जवळ बसवून सगळं सांगितलं. तुझे गुण कमी करत नाही, चूक माझी आहे, पण नाव तिचं जाईल, असंही सांगितलं. नत्तापोनचा चेहरा पडला. तो म्हणाला, “आमच्याकडं फेकूनच पेरतात, गुरुजी. मी तरवा कधी बघितलाच नाही. मला वाटलं, आधीचे लोक खरंच पाय बडवायचे.”

गुरुजींना थोंगबायपेक्षा हे जास्त लागलं. थोंगबायच्या पिढीला खरं ठाऊक असून ती गप्प बसली. या पोराला ठाऊक करून घ्यायला सत्तेचाळिसावं पानच तेवढं उरलं होतं.

शुक्रवारी नाव गेलं. सोमवारी प्लायफा पुन्हा टेबलाशी.

“गुरुजी, परीक्षकांकडं तुमचंच पुस्तक असतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला तर? खरं सांगितलं तर हरेन. खोटं सांगितलं तर आजी जेवायला वाढणार नाही.”

“खरं सांग. बाकी मी बघतो.”

त्यांनी आयोजकांना पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात चूक दोन ओळींत होती आणि ती किती स्वाभाविक होती हे उरलेल्या पानभर. तिसऱ्या मसुद्यात चार ओळी राहिल्या : पान सत्तेचाळीस चुकीचं आहे, तळटीप त्याहून चुकीची आहे, तरवा चिखल झाडायला आपटतात, चूक सर्वस्वी माझी. पत्र स्वतः टपालात टाकलं. उत्तर आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी प्लायफाची आई रायोंगहून रात्रभर प्रवास करून आली होती. ती, आजी आणि गुरुजी शेवटच्या रांगेत बसले. प्लायफानं गोष्ट वाचली, आणि परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं.

“चिखल झाडायला,” प्लायफा म्हणाली. “आमचे गुरुजी मात्र पश्चात्तापानं आपटतात. मी स्वतः पाहिलंय. एकतीस वेळा मोजलं. पण तसं केलं तर रोपं तुटतात.”

एक परीक्षक हसले. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पुस्तक उघडून एक पान पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि काहीतरी लिहिलं. पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

प्लायफाचा दुसरा नंबर आला. पहिला आला शहरातल्या एका शाळेचा मुलगा. त्यानं सत्तेचाळिसावं पान शब्दन्‌शब्द सांगितलं आणि ‘मायेनं चार पावलं’ म्हणताना त्याचा आवाज असा काही कापला, की शेवटच्या रांगेत गुरुजींचा हात आपोआप चष्म्याकडं गेला.

परत येताना सगळे थोंगबायच्या पिकअपमध्ये होते. लेक आजीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिच्या मांडीवर दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र होतं. बराच रस्ता संपल्यावर गुरुजी म्हणाले, “खरं सांगू? त्या मुलाला मीही पैकीच्या पैकी दिले असते. फारच छान बोलला.”

पुढून थोंगबायनं आरशातून मागं पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली.

“जाऊ दे, गुरुजी,” प्लायफा म्हणाली. “जुडी घेऊन पाय बडवा.”

ती म्हण गुरुजींच्या तोंडावर आजवर कुणी म्हटली नव्हती. मग आजीचं हसू फुटलं, थोंगबायनं गाडी कडेला घेतली, आणि लेक दचकून उठून विचारू लागली, काय झालं, काय झालं. तिला ते सांगायचं काम गुरुजींनी स्वतःकडं घेतलं. सुरुवात त्यांनी वडिलांच्या कापडाच्या दुकानापासून केली.