दादाची मान

अरे, ऐका तर! तो आमचा कोपऱ्यावरचा सलूनवाला, ज्याला सगळे कडाकट म्हणायचे, त्याचा सगळा रुबाब त्या एका झटक्यावर. दाढी झाली की हनुवटी धरायची, मान इकडे कट, तिकडे कट, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "वा! स्वर्ग!"

त्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. आयुष्यभर भिंग डोळ्याला आणि मान खाली. त्यामुळे मानेतून कळ निघायची आणि थेट उजव्या हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या यायच्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की टेबल उंच करा, दर अर्ध्या तासाने उठा, शिकवलेले व्यायाम करा, आणि मानेला कुणाला झटका देऊ देऊ नका.

दादाने बाकी सगळं केलं हो! टेबलाखाली विटासुद्धा घातल्या. पण एका दुपारी दाढीला गेला, तर कडाकट म्हणाला, "दोन मिनिटांत मोकळी करतो."

"नको रे. डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलंय."

"म्हणजे सगळ्या गावाचा माझ्या हातावर भरवसा, आणि सख्ख्या भावाचा नाही?"

एवढुसं तोंड केलं हो त्याने! दादा विरघळला. म्हणाला, "कर बाबा, पण हळू."

कट.

दादाला एकदम घाम फुटला. दोन दिवसांत उजव्या हातात चिमटाही धरवेना. हातातून चहाचा कप पडला तेव्हा वहिनी घाबरली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. कडाकटही मागोमाग गेला. झटक्याचं वहिनीला काहीच ठाऊक नव्हतं. वाटेत ती फणकारली, "जगाच्या माना मोकळ्या करता भावजी, घरच्या माणसाकडे कधी बघितलंत?"

तपासता तपासता बाईंनी विचारलं, "मानेला कुणी झटका दिला होता का?"

"छे!" दादा पटकन म्हणाला. "झोपेत अवघडली."

बाई म्हणाल्या, "खरं सांगा. त्यावरच पुढचं ठरवायचंय."

दादा भिंतीकडे बघत बसला. कडाकट उभा राहिला आणि म्हणाला, "मी दिला. हा नको म्हणत होता."

"अरे गप की, गाढवा!" दादा म्हणाला. पण कसं म्हणाला सांगू, लहानपणी भावाचा मार स्वतः खायला निघायचा ना, अगदी तसं.

बाईंनी मशीनमधून मानेचे आतले फोटो काढायला लावले. मणक्यामधली चकती सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन लवकर करायचं ठरलं. दुखणं कमी होईल म्हणाल्या. पण बोटांत पहिली ताकद परत येईल का, याचं वचन काही त्यांनी दिलं नाही. घड्याळातला केसाएवढा स्क्रू धरायचा म्हणजे बोटं कसली लागतात, हे तिघांनाही माहीत होतं.

निघताना दादाला शर्टाचं बटण लावता येईना. कडाकट लगबगीने पुढे झाला. वहिनीने त्याचा हात बाजूला केला आणि बटण स्वतः लावलं.