कनीजने वाचलेली 'दिवेखाडी'

'दिवेखाडी' ही कादंबरी मी पाच वेळा वाचली आहे, त्यामुळे तिच्यावरचा सिनेमा बघायला मी भांडायच्या तयारीनेच गेले. बहारीनमध्ये मराठी सिनेमाचा एखादाच खेळ लागतो, शुक्रवारी दुपारी, आणि येणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे निघतात. खेळ सुटल्यावर आम्ही चौघं अमवाजला आतिकाच्या घरी आलो. मी, माझा नवरा रुपेश, ईसा टाउनच्या शाळेत शिकवणारी आतिका आणि तिचे चुलत सासरे नझीरचाचा. तिच्या बाल्कनीखाली समुद्र आहे. त्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं होतं, त्यामुळे समुद्र नुसता ऐकू येत होता. समोरच्या इमारतीचे वरचे दोन मजले तेवढे हवेत राहिले होते.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी सांगते. कोकणातल्या एका खाडीकाठी एक तांडेल आहे, गलबत चालवणारा. दर वर्षी तो बायकोला म्हणतो, एवढी एक खेप, मग दर्या सोडला. ती रोज संध्याकाळी धक्क्यावर दिवा लावते. पुढे गावात साथ येते, घरं ओस पडतात, विहिरीतून हाका येऊ लागतात, पण दिवा काही विझत नाही. दिवा लावतंय कोण, हे शेवटच्या पानावर कळतं. आमच्या आईच्या पिढीपासून लोक ही कादंबरी वाचून अंधारात पाणी प्यायला उठायचे बंद झालेत.

"विहीर दाखवायलाच नको होती," मी सुरुवात केली. "पुस्तकात विहीर दिसत नाही, म्हणून तर भीती वाटते."

"मला तर दिवा खोटा वाटला," रुपेश म्हणाला. तो एसीचे चिलर दुरुस्त करतो, त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या वस्तूंचं वायरिंग दिसतं. आतिकाला सिनेमातला आवाज आवडला होता. ती बोलत होती, पण तिचं लक्ष चाचांकडे होतं.

त्याला कारण होतं. नझीरचाचा मनामाच्या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानात आहेत, विशीत आले ते आता साठीला टेकले. शेठने त्यांना पुन्हा दोन वर्षांच्या व्हिसासाठी विचारलं होतं आणि रविवारी सही करायची होती. "दोन वर्षं, मग खलास," असं ते गाडीत म्हणाले, तेव्हा आतिका खिडकीबाहेर बघत राहिली. हे वाक्य तिने लग्न होऊन आल्यापासून कितीदा तरी ऐकलं होतं. रत्नागिरीकडे गावी कनीजचाची एकटी असते. मुली सासरी गेल्या. मला ह्या माणसाचा राग यायचा, आणि तो इतका गोड होता की राग टिकायचा नाही.

"सुकटीचा सीन कापला त्यांनी," चाचा म्हणाले.

"कुठला सीन?"

"वादळाचा. वारा सुटलाय, बाई दिव्याला हात आडवा धरून उभी हाय, आनि मधीच शेजारनीला हाक मारते, अगो, सुकट आत घे, भिजंल. मना तो सीन लय आवडतो. एवढा भ्या वाटत असताना बाईला सुकटीची काळजी."

पाच वेळा वाचलेल्या पुस्तकात मला सुकट कुठे भेटली नव्हती. मी तसं म्हटलं, जरा जोरातच.

"आनि कोंबडी? विहिरीतून हाक येते, तवा ती बोलते, हूश, मेली तांदळात आली."

रुपेश हसायला लागला. चाचांना वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "मी वाचली कुठं? मी ऐकली."

चाचा उर्दू शाळेत शिकलेले. मराठी वाचतात, पण अक्षराला अक्षर जोडत. कनीजचाची मराठी शाळेतली. लग्न झालं आणि चार महिन्यांत चाचा इकडे आले. तेव्हा गावाहून जो कोणी येईल त्याच्या बॅगेत मसाल्याबरोबर एक कॅसेट यायची. पत्रासारखं बोलणं ती थोडक्यात आटपायची, कारण सासू शेजारीच बसलेली असायची. मग सासूचा डोळा लागला की पडवीत टेप घेऊन 'दिवेखाडी'चं एक प्रकरण वाचायची. मनामात एका खोलीत आठ जण राहायचे. शुक्रवारी जेवणं झाली की दिवा बंद करून सगळे आडवे व्हायचे आणि कनीजचा आवाज सुरू व्हायचा.

"रामजी म्हनून एक होता आमच्यात, महाडचा," चाचा म्हणाले. "तो बोलायचा, नझीर, तुझ्या बायकोला सांग, हळू वाच, लवकर संपंल."

मग त्यांनी डोळे मिटले आणि ते आम्हाला ती कादंबरी सांगायला लागले. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती त्यांना पाठच झाली होती. वादळ आलं आणि त्यात लांबून बांग ऐकू आली. साथ आली आणि कुणीतरी हंड्यात पाणी ओतलं. एका प्रकरणात ओस पडलेल्या घरात एक बाळ खोकलं, आणि चाचा हळूच म्हणाले की ती त्यांची थोरली, तिला त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते तिथे. बाहेरच्या धुक्यात समोरची इमारत पुरती गेली होती. आतिकाने दिवा लावला नाही. मला एक झोपाळू पडवी दिसत होती, वाळत घातलेली मासळी, आणि भुताखेतांचं पुस्तक मांडीवर घेऊन नवऱ्याशी बोलणारी विशीतली मुलगी. भीती कुठे नव्हतीच. मला खूप बरं वाटत होतं आणि ते संपू नये असं वाटत होतं.

"म्हनून बोलतो, शेवट कशाला बदलला?" चाचांनी डोळे उघडले. "नास केला. तांडेल घरी येतो, दार उघडता. ती त्याला आधी बोल लावते, मंग पायावर गरम पानी घालते. दोघा जेवतात. संपला. ह्यांनी तिला मेलेली दाखवली."

सिनेमाने विहीर बिघडवली होती, दिवा बिघडवला होता. पण शेवट मात्र पुस्तकातल्यासारखा शब्दाला शब्द ठेवला होता. आतिकाने माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींना एकदमच कळलं.

"नाही हो चाचा," रुपेश म्हणाला, "पुस्तकात पण ती..." मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. वरातीमागून घोडं.

"पुस्तक हाय कुनाकडं?" चाचांनी विचारलं.

माझ्या पर्समध्येच होतं. सिनेमाच्या चुका पकडायला नेलं होतं. चाचांनी ते हातात घेतलं, शेवटचं पान काढलं, बोट लावून एक ओळ वाचायचा प्रयत्न केला आणि मला परत दिलं. "तू वाच. हाय तसा वाच."

आयुष्यात मी पुस्तकातला शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाही. कुणी मधलं पान गाळलं तरी मी तोंड सोडते. पण त्या संध्याकाळी मला वाचता वाचताच गरम पाणी ओतावंसं वाटलं, दोन ताटं मांडावीशी वाटली. एका बाईने हे माझ्याआधी केलं होतं आणि तिला मी चांगली ओळखत होते असं मला वाटलं. मग रविवार आठवला. मी गप्प राहिले तर चाचा सही करणार होते, आणि पुढच्या दोन वर्षांनी परत करणार होते, कारण त्यांच्या गोष्टीत दार उघडायला माणूस असतंच. मी आहे तसं वाचलं.

"तांडेलाने भाताचा घास तोंडात घातला. ती समोर बसून बघत होती. उजाडल्यावर वाडीतली माणसं आली तेव्हा तो छप्पर नसलेल्या घरात बसला होता आणि त्याच्या मुठीत राख होती. ती गेली त्याला किती पावसाळे झाले, हे सांगायलाही वाडीत कुणाला धीर झाला नाही."

चाचा धुक्याकडे बघत होते. मग त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला आणि टेबलावर ठेवला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. आम्ही उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बसवलं.

"काय झाला?" कनीजचाचीचा आवाज आला. "आज ह्या वक्ताला कसा काय फोन?"

"कनीज, 'दिवेखाडी'चा शेवट तू बदललास?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती हसली. "तुमाला आज कलला?"

"का बदललास?"

"तुमी एकटे, परमुलखात. रात्री तुमाला भ्या वाटला असता, तर कुनाला सांगितलाव असताव?" ती म्हणाली. "आनि खरा सांगू? तो शेवट ऐकून तुमी नोकरी टाकून आले असताव. तवा आपल्या घराला भिंती नवत्या."

"मंग भिंती झाल्यावर तरी सांगायचास."

"मंग पोरींची लग्ना होती. मंग," ती म्हणाली, "मंग मना लाज वाटायला लागली. तुमी म्हनाले असताव, ही बोलावते."

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आतिका त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. खाली समुद्राचा आवाज चालूच होता.

"कनीज, मी येतो."

"बरा," ती सवयीने म्हणाली. "किती दिवसांची लीव मिलाली?"

चाचांनी आतिकाचा हात धरला आणि ते म्हणाले, "लीव नाय. सही करनार नाय मी. खलास."

फोन कटला की काय म्हणून रुपेशने वाकून बघितलं. मग कनीजचाची बोलली, इतक्या हळू की आम्हाला सगळ्यांना टेबलाकडे झुकावं लागलं.

"म्हंजे ह्या खेपेला तुमच्या जान्याचे दिवस मी मोजायचे नाय?"

"नाय," चाचा म्हणाले.