पहिला बरा की दुसरा?

आमचे हे चष्म्याचं दुकान चालवतात आणि दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला एक डोळा झाकायला सांगायचं, एक नंबर लावायचा, मग दुसरा लावायचा आणि म्हणायचं, "पहिला बरा की दुसरा?" शटर ओढल्यावर ही सवय दुकानातच राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती रोज यांच्याबरोबर घरी येते. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं मी विचारलं तर हे दोन घास खातात, डोळे मिटतात आणि सांगतात, "पहिला बरा होता."

असा माणूस सबवूफर बनवायला घेतो तेव्हा घरच्यांचं काय होत असेल, ते मला विचारा. सबवूफर म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा, खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर, असं मला सांगण्यात आलं. आमच्याकडे तो म्हणजे माझ्या कपाटाच्या दारांचं केलेलं खोकं. मी दोन दिवस मैत्रिणीकडे गेले होते. परत येऊन पाहते तर माझे कपडे उघड्यावर, आणि दारं हॉलमध्ये खोकं होऊन बसलेली! चांगलं स्टुलाएवढं उंच, पॉलिश केलेलं, पोटात ताटाएवढा स्पीकर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणाले, "अगं, लाकूड बघ ना किती छान दिसतंय."

पण माझं खरं दुखणं कपाट नव्हतं. माझं दुखणं आतल्या खोलीत होतं.

माझ्या बाबांची सगळी नोकरी वीज केंद्रात गेली, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसून. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे आणलं. आणलं म्हणजे आतल्या खोलीपर्यंत आणलं. तिथून पुढे ते येईनात. कान कमी झाले होते. कानाचं यंत्र घेऊन दिलं, तर "भांडी आपटल्यासारखं वाजतं" म्हणून ते शर्टाच्या खिशात ठेवून दिलं, ते तिथंच राहिलं. जेवणाचं ताटही आतच. मी दारात उभी राहून ओरडायचे, "बाबा, बाहेर या ना, सगळे बसलोय!" ते हात हलवून म्हणायचे, "चालू द्या तुमचं." हे ऐकलं की मला राग यायचा आणि रडूही यायचं. तुमचं म्हणजे कुणाचं? मला माझे बाबा बाहेर हवे होते, आमच्यात हवे होते. सबवूफर गेला खड्ड्यात.

सबवूफर मात्र खड्ड्यात जायला तयार नव्हता. त्याला अँप्लिफायर हवा होता.

"स्पीकर चार ओहमचा आहे," हे मला समजावू लागले. "अँप्लिफायरला तो झेपला पाहिजे. नाहीतर बिचारा तापतो, तापतो आणि एक दिवस बसतो."

"मग माझ्यासारखाच एखादा बघा," मी म्हटलं. "मला झेपताय ना इतकी वर्षं."

अँप्लिफायरवाला यांचाच गिऱ्हाईक, जाड भिंगांचा. त्याने दोन अँप्लिफायर घरी ऐकून बघायला दिले आणि वर एक जुनाट, कुणीतरी टाकून गेलेला, "हाही बघा" म्हणून पिशवीत कोंबला. आवडेल तो ठेवायचा आणि बाकीचे परत करायचे.

रविवारी सकाळी यांनी हॉलच्या मधोमध खुर्ची मांडली आणि आमच्या लेकीला तीत बसवलं.

"एक कान झाक," हे म्हणाले.

"पप्पा, डोळे तपासताय का?"

"झाक म्हणतो ना. आता हा ऐक. आता हा. पहिला बरा की दुसरा?"

"दोन्ही सारखेच."

"नीट ऐक. घाई करू नकोस. परत पहिला. आता दुसरा. सगळ्यात खालची ओळ ऐकू येतेय का?"

"पप्पा, दोन्ही सारखेच!" असं म्हणून लेकीने काढता पाय घेतला.

पहिला अँप्लिफायर काळाकुट्ट, दोन माणसांनी उचलावा असा. त्याला आत पंखा आणि समोर नाचणारे काटे. यांनी आता त्याचा आवाज पूर्ण वाढवला मात्र, खिडक्या थरथरल्या, भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या.

"अहो, माझी कवळी वाटीत गोल फिरतेय!"

माफी मागायची सोडून यांनी काकूंनाच खुर्चीत बसवलं, एक कान झाकायला लावला आणि दोन्ही अँप्लिफायर ऐकवले. "पहिला बरा की दुसरा?"

"दोन्ही वाईट," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या दिवशीचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच.

दुसरा अँप्लिफायर साबणाच्या डबीएवढा. तो परत लावला आणि यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की लग्नातही मी ते पाहिलं नव्हतं. "ऐकलंस?" हे कुजबुजले. "गाणं थांबलं की काहीच ऐकू येत नाही. खरखर नाही, गुणगुण नाही. स्वच्छ!"

"काहीच ऐकू न येणारं यंत्र आपल्याकडे आधीच एक आहे," मी म्हटलं. "बाबांच्या खिशात."

तरी नियम म्हणजे नियम. तिसराही लावायला हवा. तो जुनाट डबा लावला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच खोक्यातून आवाज यायला लागला. घूंऽऽऽ. एकसुरी, जाड, पायांतून वर चढणारा. यांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं. "अर्थिंगचा घोळ आहे. वायर खराब दिसतेय. थांब, दुसरी आणतो." आणि हे माळ्यावर चढले.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

बाबा बाहेर आले. अनवाणी, हातात चहाचा कप. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, सरळ खोक्यापाशी गेले आणि त्यावर तळहात ठेवला. मग वळले आणि चक्क त्याच्यावर बसले. डोळे मिटले.

"लोड ठीक आहे," ते म्हणाले.

आवाज ऐकून परत आलेली लेक मोबाइल खाली ठेवून बघत राहिली.

"आमचा तीन नंबरचा ट्रान्सफॉर्मर अगदी असाच बोलायचा," बाबा म्हणाले. "याच्या शेजारी मी डबा खायचो. डुलकीही काढायचो, कुणाला सांगू नका." मग त्यांनी कप माझ्यापुढे धरला. "गार झालाय गं. दुसरा कर की."

दुसरा कर! किती दिवसांनी त्या माणसाने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी स्वयंपाकघरात जवळजवळ पळतच गेले. चहा उकळत होता आणि बाहेर बाबा नातीला विचारत होते की तू आता कितवीला, आणि ती घसा फाडून सांगत होती. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली.

मी कप घेऊन आले तेव्हा हे खोक्यामागे उकिडवे बसले होते. वायर बदलली, आणि घूंऽऽ बंद.

"झालं! स्वच्छ!" हे ओरडले.

बाबांनी डोळे उघडले. खोक्यावर हात फिरवला. "बंद केलंत? बरं. ड्यूटी संपली म्हणायची." ते उठले, माझ्या हातातला कप घेतला आणि आत निघून गेले. दार लागलं.

"ती जुनी वायर परत लावा," मी म्हटलं.

"अगं, तो दोष आहे!"

"असू दे."

"मी आयुष्यभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून झटलो. आणि स्वतःच्या हॉलमध्ये धुकं लावून बसू?"

"तुमच्यात काय कमी दोष आहेत? घेतलंच ना मी ठेवून?" मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "अहो, ते बाहेर आले होते. स्वतःहून."

ती साबणाची डबी यांनी तळहातावर घेतली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच तिच्या खोक्यात घालून झाकण लावलं. मग वाकून जुनी वायर परत जोडली. घूंऽऽऽ. दार उघडलं, बाबा आले, बसले.

पण चष्मेवाला तो चष्मेवाला. यांनी बाबांसमोर उकिडवं बसून आधी जुनी, मग नवी वायर लावली आणि ओरडून विचारलं, "बाबा, पहिला बरा की दुसरा?"

"पहिला."

"नीट ऐका. घाई नको."

"ऐकतो कसला, मी वरच बसलोय ना!" बाबा म्हणाले.

"असा पक्का पेशंट दुकानात मिळत नाही," हे पुटपुटले, आणि बाकीचे दोन अँप्लिफायर परत गेले.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की आमच्याकडे तो जुनाट डबा सुरू होतो. खोक्यावर आता उशी आहे. बाबा तिथं बसून जेवतात, नातीचा अभ्यास बिघडवतात. यांनी गाणं लावलं की म्हणतात, "जावईबापू, तो गोंगाट जरा कमी करा, मशीन ऐकू येत नाही." हे निमूटपणे गाणं बारीक करतात. त्या वेळचं यांचं तोंड बघून मला माझ्या कपाटाची दारं वसूल झाल्यासारखी वाटतात.

परवा जेवताना वीज गेली. दिवे गेले, पंखा थांबला, घूंऽऽही गप्प. माझा हात ताटातच थांबला. आता म्हणतील, ड्यूटी संपली. आता उठतील.

लेकीने मोबाइलचा दिवा लावला. बाबा खोक्यावरच होते.

"बाबा, आत जाताय?" मी ओरडून विचारलं.

"आत?" बाबा माझ्यावर खेकसले. "बंद केलं तर ड्यूटी संपते. सप्लाय गेल्यावर कुणी जागा सोडतं का? येईपर्यंत बसायचं." मग त्यांनी शर्टाच्या खिशात चाचपडून कानाचं यंत्र काढलं, फुंकर मारली आणि कानात बसवलं. "बोला आता काहीतरी. मशीन नाही तर माणसांचं ऐकतो."

माझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, हे मला सगळं घर सांगतं. पण त्या क्षणी मी नुसती त्यांच्या ताटात आमटी वाढत राहिले.

शेवटी अंधारातून हेच बोलले, सवयीने. "बाबा, पहिला आवाज बरा की हा दुसरा?"

बाबांनी एक कान झाकला. मग तो सोडून दुसरा झाकला. जरा विचार केला.

"दोन्ही सारखेच," ते म्हणाले, आणि भातासाठी ताट पुढे केलं.