शनिवारची फेरी

सून मैत्रेयी दूध तापवत असताना पुरुषोत्तमराव स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. चष्मा पुसला, चहाचा कप डाव्या हाताशी घेतला आणि फोनवर अंदमानच्या समुद्रावरचे ढग पाहू लागले. हवामान खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. नोकरीतला उमेदीचा काळ पोर्ट ब्लेअरच्या वेधशाळेत गेला होता. आयर्लंडमधल्या लिक्सलिपला मुलाकडे राहायला आल्यावरही हा क्रम मोडला नव्हता. खिडकीबाहेर पाऊस पडतो आहे की नुसताच रेंगाळतो आहे, तेही नीट कळत नव्हते.

शुक्रवार असल्यामुळे रणजितचा फोन आलाच; त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मूळचा मालवणचा हा मुलगा पोर्ट ब्लेअरहून पर्यटकांना बोटीने शेजारच्या बेटावर नेत असे.

"काका, उद्या सकाळी जातो, दुपारी परत. बंदरवाल्यांनी सावध राहा म्हटलंय, बंदी नाही घातलेली. नागपूरची मंडळी आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मी हो म्हटल्यावर समुद्र ऐकतो का रे?"

"समुद्र नाही, माणसं ऐकतात! वेधशाळेचे साहेब हो म्हणाले, एवढं सांगितलं की झालं. लगेच डबे भरायला घेतात."

मैत्रेयी हसली. पुरुषोत्तमरावांनी कप खाली ठेवला. आपले नाव तिकडे असे वापरले जाते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"साहेब निवृत्त झालेत, आयर्लंडला मुलाकडे असतात, हेही सांगतोस ना?"

"ते कशाला सांगू, काका?"

त्यांनी पुन्हा ढगांकडे पाहिले. कमी दाबाचे क्षेत्र अजून लांब होते. दुपारपर्यंत समुद्र बहुधा सांभाळून घेईल, असेच त्यांना वाटत होते. पण कचेरीत 'बहुधा' लिहिताना त्यामागे रात्रभराच्या नोंदी असत, सहकाऱ्यांशी घातलेला वाद असे. आज त्यामागे तळहाताएवढे एक चित्र होते, आणि चार वेळा पुसूनही धूसर राहणारा चष्मा.

"नको जाऊस."

"आणि उद्या समुद्र तळ्यासारखा शांत राहिला तर?"

"तर मला मनसोक्त शिव्या दे. पण यापुढे मला विचारू नकोस. तिथल्या वेधशाळेला विचार. ती माणसं तिथं आहेत."

"रागावलात?"

"नाही रे. दमलो."

मग रणजित म्हणाला, "बरं. सांगतो मंडळींना. बोट बांधूनच ठेवतो."

फोन ठेवल्यावर पुरुषोत्तमरावांनी ढगांचे ते ॲप काढून टाकले. खात्री आहे ना, असे फोनने विचारले. त्यांनी हो म्हटले.

संगणकाच्या चिपच्या कारखान्यात कामाला निघालेली मैत्रेयी दाराशी थांबली. "बाबा, छत्री नेऊ का?"

त्यांचा हात सवयीने फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. ते उठले, मागचे दार उघडून तळहात बाहेर धरला.

"ने," ते म्हणाले.